भंडाऱ्याचं ऊन, झिंग्यांचा रस्सा आणि हजाराच्या आतली वाईन

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा ऐकताना नावं टिपून घ्यायची राहिली असतील, तर आजचा भाग इथे वाचा. विषय आहे उन्हाळ्यात परवडणारी वाईन आणि तिच्यासोबत आपल्या भंडाऱ्याकडचं जेवण. एक गोष्ट आधीच सांगतो, वाईनचा भाग २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. बाकीच्यांसाठी शेवटी पन्हं ठेवलंय, थांबा जरा.

वाईन शॉपात वाईन कुठंय?

आपल्याकडे पाटी असते "वाईन शॉप", आणि आत सगळी व्हिस्की, रम, बिअर. त्यामुळे वाईन म्हणजे त्याच पंगतीतली अजून एक दारू, असं वाटून जातं. पण बनवायची रीतच वेगळी आहे. द्राक्षाचा रस आंबवला की झाली वाईन. आंबवलेलं पुन्हा भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड करून गोळा केली, की मिळते कडक दारू. मोहफुलांची "मोहाची" तशीच निघते. म्हणून वाईनमध्ये अल्कोहोल साधारण ११ ते १४ टक्के, आणि दुकानातल्या व्हिस्की-रममध्ये बहुतेक वेळा ४२.८ टक्के. वाईनमध्ये सोडा-पाणी घालत नाहीत, आणि ती पेगसारखी घशाखाली ढकलतही नाहीत. ती जेवणासोबत, घोट घोट.

ही वाईन येते कुठून? बहुतेक आपल्याच राज्यातून. नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, आणि सुरुवातच झाली ती सोव्हिन्यों ब्लाँ आणि शनँ ब्लाँ या दोन पांढऱ्या वाईनने. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक भागात वायनऱ्या वाढल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली आहे. म्हणजे माल घरचाच. फक्त तो सहाशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून आपल्या उन्हात येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

"रूम टेम्परेचर" कुणाच्या रूमचं?

इंटरनेटवर सगळीकडे वाचाल, "रेड वाईन रूम टेम्परेचरला प्या." मंडळी, ती रूम युरोपातली आहे! जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४४-४५ वर जातो. कूलर बंद असलेल्या खोलीत ३८ अंशांवरची रेड ओतली, तर अल्कोहोलचा भपकाच नाकात जाईल. बाकी काही कळणार नाही.

म्हणून आजच्या भागाचं सार एका ओळीत सांगतो: आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या तिखटासमोर महागडी रेड हरते, आणि स्वस्त, थंडगार, किंचित गोड पांढरी वाईन जिंकते.

याचं कारण जिभेवर आहे. मिरची आणि अल्कोहोल, दोघंही जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेलाच डिवचतात. जितकी वाईन कडक, तितकं तिखट जास्त झोंबतं. रेडमध्ये वर तुरटपणाही असतो, त्याला टॅनिन म्हणतात. जास्त उकळलेल्या काळ्या चहाने किंवा जांभळाने तोंड कसं आवळतं, तसं. तिखट आणि तुरट एकत्र आलं की जेवणही बिघडतं आणि वाईनही. उलट थोडा गोडवा तिखटाला शांत करतो, आणि आंबटपणा तेल-तर्री कापतो. भज्यांवर लिंबू पिळतो ना आपण? तेच काम.

बाटली घेताना चार गोष्टी

एक. शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. उष्णतेने वाईन शिजते, आणि तिची चव उकळलेल्या मनुकांसारखी लागते. फ्रिजमधली किंवा आतल्या अंधाऱ्या कपाटातली मागा.

दोन. बूच वर आलेलं दिसलं किंवा टोपणाखाली चिकट ओघळ दिसला, की बाटली तापून गेली समजा. परत ठेवा.

तीन. लेबलवरचं वर्ष बघा. स्वस्त पांढरी वाईन मुरवायची नसते, ताजीच प्यायची असते. जितकं अलीकडचं वर्ष तितकं बरं. "जुनी म्हणजे भारी" हा हिशोब इथे चालत नाही.

चार. फिरकीचं टोपण बघून नाक मुरडू नका. टोपण हलक्या मालाची खूण नाही. उलट बूच काढायचा स्क्रू शोधत बसावं लागत नाही.

नावं लक्षात ठेवायची तर तीनच. शनँ ब्लाँ, फळांच्या वासाची. आपल्याकडे ती बऱ्याचदा किंचित गोडसर मिळते. सोव्हिन्यों ब्लाँ, कोरडी, आंबटसर, हिरव्या वासाची. आणि रोझे, गुलाबी, म्हणजे काळ्या द्राक्षाची सालं थोडाच वेळ रसात ठेवून केलेली. दुकानदाराला उच्चार कळला नाही तर सरळ लेबल दाखवा, लाजायचं काय त्यात?

थंड कशी करायची?

पांढरी आणि रोझे ८ ते १० अंशांवर छान लागतात. फ्रिजमध्ये तीन तास ठेवली, मग दहा मिनिटं आधी बाहेर काढली, की झालं. लाईट गेली असेल तर कुल्फीवाल्याची युक्ती वापरा. बादलीत बर्फ, थोडं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं, आणि वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात हवा राहते, म्हणून पाणी विसरू नका. रेडच घरी असेल तर तिलाही अर्धा तास फ्रिज दाखवा. कुणी हसलं तर हसू द्या.

ताटात काय?

आता आवडता भाग! आपला जिल्हा तलावांचा, म्हणून सुरुवात माशांपासून.

तळलेले झिंगे किंवा रव्यात घोळवलेला रोहू असेल, तर सोव्हिन्यों ब्लाँ. लिंबाची फोड जे करते तेच ती करते. माशासोबत रेड टाळा, तोंडात लोखंडासारखी चव येऊ शकते.

झिंग्यांचा झणझणीत रस्सा आणि चिन्नोरचा भात असेल, तर शनँ ब्लाँ. भाताचा सुवास आणि वाईनचा फळांचा वास एकमेकांना आडवे जात नाहीत.

सावजी मटणालाही शनँ ब्लाँच, आणि चांगली गार. लोक म्हणतील मटणाला रेड पाहिजे. भाजलेल्या, कमी तिखट मटणाला ती ठीक आहे. सावजीच्या तर्रीपुढे नाही.

लाखोरीच्या डाळीचे वडे, सांबारवडी, कांदाभजी अशा तळणासोबत फसफसणारी वाईन मस्त. पूर्ण बाटली महाग पडते, पण सुलाची दिया किंवा फ्रातेल्लीची टिल्ट कॅनमध्ये येते. एक कॅन, एक प्लेट वडे.

पाटोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, झुणका-भाकर असेल तर रोझे. थोडी फळांची गोडी, थोडा आंबटपणा, सगळ्यांशी जमवून घेते.

आणि आमरसासोबत? काहीच नको. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट-कडवट लागते. आमरसाला पुरीच बरी.

पैशांचा हिशोब

या वाईन साधारण सातशे ते हजाराच्या घरात मिळतात. नेमका आकडा बाटलीवरच्या एमआरपीत बघा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. ९०० ची बाटली धरली तर ग्लासमागे १८० रुपये. चौघं मिळून घेतली तर माणशी २२५. उरली तर टोपण लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. दोघंच असाल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली विचारा.

हे मात्र नक्की वाचा

महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, आणि पिण्याचा परवानाही लागतो. लाखांदूरवाल्यांनो, तुमच्यासाठी खास: नदीपलीकडे वडसा म्हणजे गडचिरोली जिल्हा, आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. वर्ध्यात तर १९७५ पासून. तिकडच्या लग्नाला जाताना गाडीत वाईनची एक बाटली ठेवली, तरी तो गुन्हा होतो. "वाईनच तर आहे" हे कारण चालत नाही.

दुसरं, अल्कोहोल शरीरातलं पाणी घालवतं, आणि आपल्याकडचं ऊन ते आधीच घालवत असतं. म्हणून दुपारी नाहीच. ऊन उतरल्यावर, पोटात काही असताना, आणि प्रत्येक ग्लासमागे एक ग्लास माठाचं पाणी. प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी हा भाग ऐकून सुरुवात करायची काहीही गरज नाही.

त्यांच्यासाठी, आणि एकवीसच्या आतल्यांसाठी, कबूल केलेलं पन्हं. कैरीचा आंबटपणा, गुळाची गोडी आणि गारवा. वर सांगितलेलं सगळं गणित पन्ह्यात बसतं, आणि सावजीसमोर ते कुठल्याही बाटलीइतकंच टिकतं. एकाच पंगतीत कुणाच्या हातात वाईन, कुणाच्या हातात पन्हं, आणि मध्ये झिंग्यांचं पातेलं. जमतंय की!

तुमच्याकडे कशासोबत काय जमलं ते कळवा. पुढच्या भागात भेटूच. पाणी पीत राहा!