बटण दाबून पाहा, मगच क्रोनोग्राफ निवडा

दोन-तीन चांगली घड्याळं जमली की संग्राहकाचं मन एका ठिकाणी हमखास अडकतं. आता एक मेकॅनिकल क्रोनोग्राफ हवाच! आत ना सेल, ना सर्किट, फक्त स्प्रिंग आणि दातेरी चाकं. किंमत मात्र काही लाखांत. एवढे पैसे घालून निवड चुकली, तर ती चूक रोज मनगटावर दिसत राहते.

आधी एक गोंधळ दूर करू या. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, तर क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं घड्याळ. क्रोनोग्राफचा मधला लांब काटा एरवी स्थिर असतो, रोजचे सेकंद छोट्या तबकडीत फिरतात. घरातलं कुणीतरी नक्की म्हणणार, ‘‘एवढे पैसे दिले आणि काटाच हलत नाही!’’ तयारीत राहा.

शोरूममध्ये सगळे डायल पाहतात, पट्टा पाहतात, आरशात हात धरून पाहतात. तुम्ही विक्रेत्याची परवानगी घ्या आणि वरचं बटण दाबा. काटा सुरू होताना किंचित उडी मारतो की अलगद निघतो? आडव्या क्लचमध्ये चाकाचे दाते बाजूने येऊन एकमेकांत अडकतात, त्यामुळे काटा कधीकधी दचकतो. उभ्या क्लचमध्ये तो सहज निघतो. बटण मऊ लागतं की कडक, हेही बोटाला कळू द्या. कॉलम व्हील, म्हणजे बुरुजासारखे खांब असलेलं छोटं चाक आत असेल, तर दाब बहुधा एकसारखा आणि मऊ लागतो. कॅमवर चालणाऱ्या यंत्रात थोडा जोर लागतो.

पण कॉलम व्हील म्हणजे उच्च आणि कॅम म्हणजे हलकं, असं मुळीच नाही. ओमेगा स्पीडमास्टरचंच पाहा. १९५७ साली आलेल्या या घड्याळात आधी कॉलम व्हीलचं ३२१ यंत्र होतं. १९६८ पासून कॅमवालं ८६१ आलं आणि त्याच घराण्याने पुढे अनेक दशकं काढली. नासाने अंतराळ मोहिमांसाठी १९६५ मध्ये स्पीडमास्टरला मान्यता दिली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला, वीज वाचवण्यासाठी यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या आणि मार्ग सुधारण्यासाठी इंजिन नेमकं १४ सेकंद चालवायचं होतं. जॅक स्वायगर्टने ती वेळ मोजली ती मनगटावरच्या स्पीडमास्टरवर.

पहिला क्रोनोग्राफ म्हणून मी हाच सुचवेन. आजच्या मूनवॉचलाही हाताने चावी द्यावी लागते आणि सकाळच्या त्या अर्ध्या मिनिटात घड्याळाशी वेगळीच ओळख होते. काच प्लास्टिकची घ्यायची की सफायरची, हा प्रश्न येईल. प्लास्टिकवर ओरखडे पडतात, पण ते पॉलिशने निघतात. सफायर सहसा ओरखडत नाही, मात्र जोरात आपटली तर फुटू शकते. पोहायला जाताना दोन्ही काढून ठेवा. चेन्नई, कोलकाता किंवा मुंबईच्या दमट हवेत राहत असाल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी रबरी सीलही तपासून घ्या.

ज्यांना चावी देण्याचा कंटाळा आहे, त्यांनी झेनिथचं एल प्रिमेरो पाहावं. जानेवारी १९६९ मध्ये जाहीर झालेलं हे ऑटोमॅटिक यंत्र तासाला ३६,००० ठोके देतं, म्हणून सेकंदाचा दहावा भागही मोजता येतो. याची गोष्ट मला फार आवडते. क्वार्ट्झच्या लाटेत १९७५ मध्ये कंपनीच्या अमेरिकन मालकांनी मेकॅनिकल घड्याळं बंद करून अवजारं विकून टाकायचा हुकूम दिला. स्वित्झर्लंडच्या ल लोकल गावातल्या कारखान्यात शार्ल वर्मो नावाचा फोरमन होता. त्याने विनवणी केली, कुणी ऐकलं नाही. मग त्याने साचे, कॅम, नकाशे हळूहळू माळ्यावर नेऊन लपवले आणि कुठे काय ठेवलंय त्याची टिपणं करून ठेवली. १९८०च्या दशकात मागणी परतली तेव्हा तेच सामान कामी आलं. १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोनासाठी हेच यंत्र, थोडे बदल करून, वापरायला घेतलं आणि २००० पर्यंत वापरलं.

डेटोना उत्तमच आहे, पण दुकानात सहज मिळत नाही. केवळ ‘पुढे भाव वाढेल’ म्हणून बाहेरून चढ्या दराने घेऊ नका. पॉल न्यूमनचा डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १.७७ कोटी डॉलर्सना गेला, पण तो पॉल न्यूमनचा होता!

जुन्या घड्याळांकडे वळणार असाल तर जरा जपून. संग्राहकांच्या जगात ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द आहे आणि तो कौतुकाचा नाही. नव्याने रंगवलेली डायल आणि इकडचे तिकडचे सुटे भाग जोडून चकचकीत केलेलं घड्याळ, असा त्याचा अर्थ. क्रोनोग्राफमध्ये असं जुगाड जास्त महागात पडतं, कारण मूळ डायल, काटे आणि बटणं यांवरच किंमत ठरते. भिंगातून अक्षरांच्या कडा पाहा. मागचं झाकण उघडून यंत्राचा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर नमस्कार करून निघा. केसच्या धारदार कडा पॉलिशने गोल झालेल्या असतील, तर ओरखडे असलेलं पण न घासलेलं घड्याळ त्यापेक्षा बरं.

खर्च खरेदीवर संपत नाही. पाच ते दहा वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं आणि साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा क्रोनोग्राफचं बिल बरंच मोठं येतं. तो आकडा आणि लागणारे आठवडे आधीच विचारा. १० लाखांपेक्षा महाग घड्याळावर एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस घेतो. आयकर विवरणपत्रात त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून बिल जपा. बॉक्स, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिसिंगच्या पावत्याही एकत्र ठेवा. उद्या घड्याळ विकायचं झालं किंवा मुलीला द्यायचं झालं, तर कागद लागतातच.

पैसे देण्याआधी एक शेवटची चाचणी करा. काटा चालू करा, थांबवा आणि मग खालचं बटण दाबा. (काटा चालू असताना खालचं बटण दाबू नका. फ्लायबॅक सोडून बाकी घड्याळांना ते सोसत नाही.) काटा परत येऊन बाराच्या रेषेवर नेमका थांबायला हवा. असं चार-पाच वेळा करून बघा. केसभरही बाजूला थांबत असेल, तर संकोच न करता दुसरा नग मागा.