मार्चमधली उत्तरपत्रिका, जूनमधला निकाल

मार्च महिना उजाडला की आपल्याकडे घराघरांत परीक्षेचे वारे वाहू लागते. मुलांच्या अभ्यासापायी टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना 'मेमध्ये या' असे सांगितले जाते. नेमक्या याच सुमाराला कॅनडा आणि अमेरिकेत एक निराळी परीक्षा रंगते. परीक्षार्थी असतात व्यावसायिक आइस हॉकी संघांचे जनरल मॅनेजर. पेपर संपण्याची वेळ ठरलेली, दुपारचे तीन. आणि परीक्षक? घरात, कचेरीत, कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलेला तिथला सामान्य चाहता!

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात, धनराज पिल्ले आठवतो. ही हॉकी वेगळी. बर्फावर, पायांत धारदार स्केट्स घालून, चेंडूऐवजी रबराच्या चकतीने खेळायची. तिच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज 32 संघ आहेत. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत साखळी सामने होतात आणि त्यांतून 16 संघ प्लेऑफमध्ये जातात. तिथे चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात सामन्यांची. चार सामने जिंकणारा पुढे, हरणारा घरी. असे सोळा विजय मिळवले की जून महिन्यात स्टॅन्ले चषक हाती येतो आणि विजेत्या खेळाडूंची नावे त्यावर कोरली जातात. त्या कोरलेल्या नावासाठी माणसे दात पाडून घ्यायलाही तयार असतात.

प्लेऑफच्या साधारण दीड महिना आधी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. मुदतीपर्यंत कोणताही संघ दुसऱ्या संघाशी सौदा करू शकतो; मुदतीनंतर मिळवलेला खेळाडू प्लेऑफमध्ये चालत नाही. साहजिकच शेवटच्या दिवशी बाजार तेजीत येतो. ज्यांना चषकाची आशा आहे ते घेणारे, ज्यांची आशा मावळली ते विकणारे. बहुतेक वेळा विकणाऱ्याला पैसे नको असतात. त्याला हवा असतो तरुण खेळाडू, नाहीतर पुढच्या भरतीत अठरा वर्षांचा एखादा पोरगा आधी निवडण्याचा हक्क. थोडक्यात, एकाला आजची भाकरी हवी असते, दुसऱ्याला उद्याचे बियाणे.

गुण कशाला द्यायचे?

तीन वाजून गेले की चाहते प्रगतिपुस्तक उघडतात. ए, बी, सी, डी आणि नापासाला एफ. वृत्तपत्रांतले स्तंभलेखक गुण देतात, रेडिओवर फोन करणारे देतात, आणि कॅनडातल्या क्रीडा वाहिन्या तर त्या दिवशी सकाळपासून दुसरे काही दाखवतच नाहीत.

हे गुण देणे वाटते तितके उथळ नसते. मुरलेला चाहता चार गोष्टी पाहतो. संघाला नेमके काय कमी होते? जे मिळाले त्याने ती उणीव भरते का? मोबदल्यात काय गेले? आणि नव्या खेळाडूचा करार किती दिवसांचा आहे? करार येत्या उन्हाळ्यातच संपणार असेल तर त्या खेळाडूला तिकडे सरळ 'भाड्याचा' म्हणतात. तीन महिन्यांच्या भाड्यासाठी घरातले सोने मोडले असेल तर जनरल मॅनेजरला सुटका नाही. 2005 पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, तेव्हापासून तर चाहता खेळाडूच्या गोलांइतकाच त्याच्या पगाराचाही हिशेब तोंडपाठ ठेवतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. मार्चमध्ये दिलेले गुण जूनमध्ये बदलतात आणि दहा वर्षांनी पुन्हा बदलतात. एकच उत्तरपत्रिका तीनदा तपासली जाते आणि तीनही वेळा निकाल वेगळा लागतो! याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे.

21 मार्च 1994

न्यूयॉर्क रेंजर्स हा जुना, मानाचा संघ. पण त्याने शेवटचा चषक जिंकला होता 1940 साली. प्रतिस्पर्ध्यांचे पाठीराखे तो आकडा ओरडून ओरडून रेंजर्सच्या चाहत्यांना हिणवत. 'नाइन्टीन फॉर्टी!' हे शब्द म्हणजे तिथे शिवीच झाली होती. 1993-94 च्या मोसमात मात्र हा संघ साऱ्या लीगमध्ये अव्वल होता. कर्णधार मार्क मेसिए, प्रशिक्षक माइक कीनन, जनरल मॅनेजर नील स्मिथ. घडी व्यवस्थित बसली होती. कोणीही म्हणाले असते, आता हात लावू नका.

त्यांनी हात लावला. तोही असा की एका दिवसात आघाडीच्या फळीचा चेहरा पालटला. माइक गार्टनर हा 34 वर्षांचा गोलंदाज (आपल्या अर्थाने नव्हे, गोल करणारा!) टोरंटोला धाडला आणि बदल्यात ग्लेन अँडरसन आणला. टोनी अमाँटी हा अवघ्या 23 वर्षांचा गुणी खेळाडू शिकागोला दिला आणि बदल्यात स्टेफान मॅटो व ब्रायन नूनन हे दोघे घेतले. टॉड मर्चंट हा उमलता तरुण एडमंटनला देऊन क्रेग मॅक्टॅव्हिश हा पस्तिशीचा अनुभवी गडी घेतला.

कागदावर हा सौदा तोट्याचाच दिसतो. अमाँटीने पहिल्या मोसमात 35 आणि दुसऱ्यात 33 गोल केले होते. त्याच्यासाठी जे आले त्यांना तशी कीर्ती नव्हती. पण कीननला नाजूक कारागीर नको होते. प्लेऑफमध्ये धक्के देणारे, धक्के सोसणारे आणि आधी चषक पाहिलेले लोक त्याला हवे होते. अँडरसन आणि मॅक्टॅव्हिश हे दोघेही मेसिएबरोबर एडमंटनच्या विजेत्या संघात खेळलेले होते. तुम्ही त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये असता तर किती गुण दिले असते?

आता जूनचा निकाल पाहा. न्यू जर्सीविरुद्धच्या फेरीचा सातवा सामना 27 मे रोजी झाला. रेंजर्स एका गोलने पुढे, आणि शेवटचे आठ सेकंदही उरले नसताना न्यू जर्सीने बरोबरी साधली. चौपन्न वर्षांच्या दुर्दैवाचा फेरा पुन्हा आला म्हणून चाहत्यांनी कपाळावर हात मारला. जादा वेळ झाला, दुसरा जादा वेळ सुरू झाला आणि गोल केला तो मॅटोने. त्याच फेरीतला तिसरा सामनाही त्यानेच दुसऱ्या जादा वेळेत जिंकून दिला होता. रेडिओवरचे समालोचक हाउई रोझ त्याचे नाव तीन वेळा ओरडले. तो आवाज आजही न्यूयॉर्ककरांच्या कानांत आहे.

14 जूनला व्हँकूव्हरविरुद्ध अंतिम फेरीचा सातवा सामना. रेंजर्स 3-2 ने पुढे. घड्याळात 1.6 सेकंद शिल्लक आणि चकती पुन्हा खेळात आणायची ती रेंजर्सच्याच गोलसमोर. त्या एका क्षणासाठी प्रशिक्षकाने कोणाला पुढे पाठवले? मॅक्टॅव्हिशला. लीगमध्ये शिरस्त्राणाशिवाय खेळणारा तो शेवटचा खेळाडू. उघड्या डोक्याने तो वाकला, चकती त्याने जिंकली आणि 1940 चे भूत उतरले. मार्चमध्ये कोणी काहीही गुण दिले असोत, त्या रात्री सगळ्यांनीच 'ए प्लस' लिहिले.

तिसरी तपासणी

पण वही तिथे मिटत नाही. कीनन त्याच उन्हाळ्यात संघ सोडून गेला. मॅक्टॅव्हिशही गेला. अमाँटीने मात्र शिकागोकडून पुढे तीन मोसमांत प्रत्येकी चाळीसहून अधिक गोल केले. नेमक्या त्याच काळात रेंजर्सची घसरण सुरू झाली. 1998 ते 2004 असे सलग सात मोसम त्यांना प्लेऑफही गाठता आले नाही. एक चषक मिळाला आणि पुढची तीस वर्षे दुसरा आला नाही. हिशेबी माणूस म्हणेल, फार महाग पडले. पण ज्याचे वडील चौपन्न वर्षे वाट पाहून थकले होते, त्या न्यूयॉर्ककराला हे सांगून पाहा!

गुणांचा हा लपंडाव इतरत्रही दिसतो. वॉशिंग्टनने 2013 च्या एप्रिलमध्ये अनुभवी मार्टिन एराटसाठी फिलिप फोर्सबर्ग हा अठरा वर्षांचा मुलगा नॅशव्हिलला दिला. एराट वर्षभरात निघून गेला आणि फोर्सबर्ग नॅशव्हिलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. त्याच वॉशिंग्टनने 2018 च्या फेब्रुवारीत मिखाल केंपनी हा फारसा कोणाला माहीत नसलेला बचावपटू स्वस्तात आणला आणि जूनमध्ये पहिलावहिला चषक उचलला. टँपा बेने 2020 मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो या दोन कष्टाळू खेळाडूंसाठी पहिल्या फेरीतील निवडीचे दोन हक्क मोजले. किंमत भारी होती, पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही चषक त्यांचाच झाला.

ज्याला गुण मिळत नाहीत

या सगळ्या हिशेबात एक रकाना कायम रिकामा राहतो. तो असतो गेलेल्या माणसाचा. सकाळी सरावाला गेलेला खेळाडू दुपारी दुसऱ्या शहराचा होतो. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, भाड्याचे घर यांचे काय, हे प्रगतिपुस्तकात येत नाही.

गार्टनरचेच पाहा. त्याने कारकिर्दीत 708 गोल केले, 2001 मध्ये त्याला हॉकीच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. पण चषकावर त्याचे नाव नाही. जो संघ त्याने मार्चमध्ये सोडला तो जूनमध्ये जिंकला. त्याचा नवा संघ टोरंटो त्या वर्षी उपांत्य फेरीत व्हँकूव्हरकडून हरला. जिंकला असता तर अंतिम फेरीत गार्टनर रेंजर्सच्याच समोर उभा राहिला असता.

कधी कधी उलटेही घडते. रे बूर्क हा बॉस्टनचा लाडका बचावपटू. वीस वर्षे त्या एका शहरासाठी खेळला, पण चषक नाही. 6 मार्च 2000 रोजी बॉस्टनने त्याला कोलोराडोकडे जाऊ दिले. पुढच्या वर्षी, 9 जून 2001 रोजी, कोलोराडो जिंकले. रिवाजाप्रमाणे चषक आधी कर्णधाराने उंचावायचा. कर्णधार जो सॅकिक याने तो हातात घेतला आणि न उंचावता सरळ बूर्ककडे दिला. काही दिवसांनी बूर्क तो चषक घेऊन बॉस्टनला आला तेव्हा नगरभवनासमोर हजारो लोक जमले. आपला संघ जिंकलेला नसताना! सोडून गेलेल्या माणसाला त्यांनी त्या दिवशी पूर्ण गुण दिले.

ही भावना आपल्याला परकी नाही. हार्दिक पंड्याला 2024 च्या आयपीएलआधी मुंबई इंडियन्सने गुजरातकडून परत आणले तेव्हा वानखेडेवरच त्याची हुर्यो उडाली. संघ शेवटच्या क्रमांकावर गेला. मग जूनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक त्यानेच टाकले, आणि 4 जुलैला तेच वानखेडे त्याच्या नावाचा गजर करत होते. मार्चमधले गुण कोणाला आठवत होते?

मग चाहत्याने गुण देणेच सोडावे का? मुळीच नाही. सौदा करणे त्याच्या हाती नाही, बर्फावर उतरणे तर नाहीच. आपले शहर, आपला संघ याविषयी चार शब्द बोलण्याचा तेवढाच हक्क त्याच्याकडे आहे आणि तो त्याने जरूर बजावावा. फक्त गुण पेन्सिलने लिहावेत. जूनमध्ये खोडायला सोपे जाते. आणि त्या पानाच्या समासात कुठेतरी, बॅग भरून दुसऱ्या गावी निघालेल्या त्या गार्टनरसाठी, एखादी ओळ जरूर लिहून ठेवावी.