कमळगडावरची रात्र आणि चोविहार

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचगणीच्या पारसी पॉइंटवर साताऱ्या-सांगलीकडच्या आपल्या समाजातील निदान दोन-चार कुटुंबे तरी भेटतातच. कठड्याशी उभे राहून खालच्या कृष्णाखोऱ्याची आणि धोमच्या जलाशयाची छायाचित्रे काढली जातात, घरून आणलेल्या खाकऱ्यांचा डबा उघडला जातो आणि मंडळी गाडीकडे वळतात. पाण्याच्या पलीकडे वायव्येला जी डोंगररांग दिसते, तिच्यावरचा कातळकड्यांचा माथा फारच थोड्यांच्या नजरेत भरतो. तो कमळगड. त्याची उंची सुमारे साडेचार हजार फूट, म्हणजे पाचगणीहून थोडी अधिकच. एका बाजूला कृष्णा आणि दुसऱ्या बाजूला तिला मिळणारी वाळकी, अशा दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर हा दुर्ग उभा आहे. भेळंजा आणि कत्तलगड ही त्याची आणखी दोन नावे. इंग्रजांनी मराठ्यांचे राज्य घेतले, तेव्हा १८१८च्या एप्रिलात मेजर थॅचरच्या तुकडीला या गडाने काही प्रतिकार करून मगच शरणागती दिली.

घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयातील मित्रांबरोबर या गडावर मुक्कामी जायचे म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो कड्याचा किंवा बिबट्याचा नसतो. आई विचारते, ‘‘रात्री खाणार काय आणि कधी?’’ प्रश्न रास्त आहे. डोंगरावरच्या मुक्कामाचे जे चित्र सर्वत्र रूढ झाले आहे, त्यात शेकोटी, रात्री नऊला शिजणारी खिचडी, कांदा-बटाट्याचा रस्सा आणि मध्यरात्रीचा चहा या गोष्टी ठरलेल्या असतात. परिणामी दोनच वाटा उरतात. एक तर मुलाने जायचे नाही, किंवा गेल्यावर काय खाल्ले ते घरी सांगायचे नाही. दुसरी वाट अधिक वाईट, आणि ती किती घरांत वापरली जाते हे बहुतेक घरांना ठाऊक आहे.

वास्तविक पर्वत चढणे आपल्याला नवीन नाही. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या साठी उलटलेल्या आजीबाईही अनवाणी चढतात. सम्मेदशिखरची वंदना सत्तावीस किलोमीटरांची, आणि तो पारसनाथ पर्वतही साडेचार हजार फुटांच्याच घरातला, म्हणजे कमळगडाच्या जोडीचा. चढ मोजला तर शिखरजीचाच अधिक भरेल, कारण कमळगडाचा पायथा मुळातच उंचावर आहे आणि तेथून प्रत्यक्ष चढाई दोन हजार फुटांच्या आसपासची. मग अवघड काय? अवघड हे, की येथे पायऱ्या नाहीत, डोली नाही, वाटेवर दिवे नाहीत, चुकल्यास ‘जय जिनेन्द्र’ म्हणून रस्ता दाखवणारा मागचा यात्रेकरू नाही. शिवाय शत्रुंजयावर रात्री कोणीही राहत नाही, पुजारीसुद्धा खाली उतरतात. तीर्थाची यात्रा दिवसाची असते. ही रात्रीची आहे, आणि सगळा हिशेब तिथेच बदलतो.

वाईहून धोमच्या बाजूने वासोळ्यास किंवा नांदगण्यास जाता येते आणि दोन्हीकडून गडाची वाट आहे. वाटेत गोरखनाथाचे मंदिर लागते. पुढे दाट झाडीतून गेल्यावर गडाची माची येते. तेथे शेती करून राहणारे घर आहे, पाणीही मिळते. माथ्याला दरवाजा असा नाही, कातळातल्या अरुंद कपारीतून वर चढावे लागते. वर तीन-चार एकरांचे सपाट मैदान आहे, आणि पाणी नाही. म्हणून मुक्काम मंदिराजवळ किंवा माचीवर करावा, माथ्यावर करू नये. माथा पाहून दुपारी खाली यावे.

वाट चुकते ती मंदिर आणि माची यांच्यामधल्या रानात. गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा अधिक मळलेल्या दिसतात आणि पाहता पाहता दरीच्या तोंडाशी नेऊन सोडतात. ढगाळ दुपारी झाडीखाली दिशा कळत नाही आणि मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. गावातील एक जाणता वाटाड्या बरोबर घेणे आणि त्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवून पूर्ण देणे, हा या प्रवासातील सर्वांत फायद्याचा खर्च आहे. व्यापारी माणसाला घासाघीस करण्याची सवय असते. ती येथे आवरावी. अंधारात त्या माणसाच्या ओळखीवरच सगळ्यांचा जीव अवलंबून असतो.

आता पाण्याचा आणि वेळेचा मेळ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली, तर चोविहार करणाऱ्याला सायंकाळी सहापासून सकाळी जवळजवळ आठपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा तास, अन्न नाही आणि पाणीही नाही. घरी हे सहज जमते, कारण घरी दिवसभर दोन हजार फूट चढलेले नसते. डोंगरावर घाम गेलेला असतो, आणि रात्री पाय आखडणे, डोके दुखणे, सकाळी उतरताना चक्कर येणे हे बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याचे परिणाम असतात. येथे धोका खरा आहे, त्याला श्रद्धेच्या नावाखाली झाकून ठेवू नये. यावर उपाय असा, की दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडे थोडे पाणी पीत राहावे. पावणेसहाला घाईघाईने तांब्याभर पाणी ढोसल्याने काही साधत नाही. माणशी चार-पाच लिटर पाणी धरावे, म्हणजे चौघांचे ओझे सोळा ते वीस किलो होते. ते वाटून घ्यावे. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाची औषधे चालू आहेत, किंवा ज्यांनी एवढा चढ यापूर्वी केलेला नाही, त्यांनी गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना विचारून तिविहाराची मोकळीक आधीच ठेवावी, अथवा मुक्काम न करता दिवसात परत यावे.

उकळलेले पाणीच पिणाऱ्यांसाठी आणखी एक घड्याळ चालू असते. श्वेतांबर परंपरेत या पाण्याची मुदत पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानतात. प्रहर ढोबळमानाने तीन तासांचा. म्हणजे हिवाळ्यात पहाटे सहाला वाईत उकळून घेतलेले पाणी सायंकाळी सहापर्यंत चालते, नेमके सूर्यास्तापर्यंत. दिगंबर कुटुंबांत या मर्यादा वेगळ्या आहेत, त्यांनी आपापल्या परंपरेप्रमाणे पाहावे. दुसऱ्या दिवसाचे पाणी सूर्योदयानंतर गाळून, लहान गॅसच्या शेगडीवर उकळावे. शेगडी मोकळ्या खडकावर ठेवावी. पावसाळा सरला की गवत वाळते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. त्यात किती जीव जातात याचा हिशेब कोणी मांडत नाही. शेकोटी तर मुळीच नको. थंडीसाठी एक जादा स्वेटर आणि कानटोपी पुरते.

या सगळ्याचा उलटा फायदा असा, की ज्याला सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे आहे तो चारच्या आत मुक्कामी पोहोचतोच. डोंगरातले बरेच अपघात उशिरा निघून अंधारात वाट शोधणाऱ्यांचे असतात. अनुभवी गिर्यारोहक ज्याला ‘उजेडात मुक्काम गाठणे’ म्हणतात, ते आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या पच्चक्खाणाच्या रूपाने चालत आले आहे. दशमी, थेपले, खाकरे, सुकी चटणी, गूळ, शेंगदाणे एवढे पुरेसे होते. माचीवरच्या घरी पिठले-भाकरी सांगायची असेल, तर ‘कांदा-लसूण नको आणि जेवण पाचला हवे’ हे पोहोचताच स्पष्ट आणि नम्रपणे सांगावे. ऐनवेळी ताट समोर आल्यावर नाक मुरडणे हा त्या गृहिणीचा अपमान आहे.

गडावरची पाहण्याजोगी जागा म्हणजे कावेची विहीर. जमिनीत खोल गेलेल्या एका खाचेत पन्नास-पंचावन्न पायऱ्या उतराव्या लागतात. आत दोन्ही बाजूंच्या भिंती ओलसर तांबड्या गेरूच्या आहेत. त्यालाच काव म्हणतात. बाहेर ऊन असले तरी आत गारवा असतो. येथे कैद्यांना ठेवीत, अशी कथा गावकरी सांगतात. भिंती खरवडून त्यावर नावे कोरणारे महाभाग येथेही येऊन गेले आहेत. आपल्या मुलांची नावे त्यांत नसावीत.

कड्याच्या कपारींत आग्या मोहोळ असण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे. अत्तर, तीव्र वासाची तेले, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. पावसाळ्यात तर जाऊच नये. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात ते जीवजंतूंच्या जयणेसाठी. शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवताना निगोदाचा विचार तर होतोच, पण तेथून घसरलेला मनुष्यही वाचत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ही डोंगररांग त्याच्याच शेजारची आहे. काही अघटित घडलेच, तर महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्रीबेरात्री दरीत उतरतात. त्यांचे व जवळच्या पोलीस ठाण्याचे क्रमांक घरी एका कागदावर लिहून ठेवावेत आणि परत येण्याची वेळही त्याच कागदावर असावी.

काही जणांना कमळगडाऐवजी वासोट्याचे आकर्षण असते. तो कोयना अभयारण्यात, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, आणि तेथे रात्री राहण्यास परवानगी नाही. नियम मोडून लपून राहण्यात पराक्रम नाही.

ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपली मर्यादा आठवून पाहावी. त्या व्रतात चार दिशांबरोबर वर किती आणि खाली किती हेही ठरवलेले असते. दुकानातून कधी वर चढण्याचा प्रसंगच न आल्याने वरची मर्यादा अनेकांच्या विस्मरणात जाते.

सूर्य मावळल्यावर करण्यासारखे फारसे उरत नाही. प्रतिक्रमण होते, एखादी सामायिक होते. विजेरीचा झोत लागला की किडे धावून येतात, म्हणून तीही बंद ठेवावी लागते. मग धोमच्या पाण्यापलीकडे, जवळजवळ नजरेच्या पातळीवर, पाचगणीचे दिवे दिसू लागतात. उन्हाळ्यात ज्या कठड्याशी उभे राहून हा डोंगर पाहिला होता, तो त्याच दिव्यांत कुठेतरी असतो. मुले तो शोधत बसतात. सकाळी पावणेआठला शेगडीवरचे पाणी निवत ठेवलेले असते आणि घड्याळाकडे पाहत सगळे मुकाट बसलेले असतात.