बुद्धिमापन आणि बोली : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

मराठीत बुद्धीसाठी अक्कल, समज, डोके, हुशारी असे अनेक शब्द रूढ आहेत. परंतु ते परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘पोर हुशार आहे, पण अक्कल नाही’ असे म्हणणाऱ्या आईला आपल्या बोलण्यात विसंगती जाणवत नाही. बुद्धिमापनाला मात्र एकच संख्या हवी असते.

शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिकसोटी तयार केली. तिच्या सुधारित रूपावरून व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथील कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी कसोटी सिद्ध केली. तिचा वृत्तांत १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. धारवाडच्या मुलांवरून ठरलेली प्रमाणे बालाघाटातील मुलास लावताना प्रश्नाची भाषा आणि मुलाची बोली यांतील अंतर हिशेबात धरले जात नाही.

हे अंतर केवळ उच्चारांचे नाही. अशा कसोट्यांत वस्तूंमधील साम्य व भेद विचारले जातात, कारण वर्गीकरण हे विचारप्रक्रियेचे प्रमुख अंग होय. तथापि वर्गीकरण एकाच प्रकारचे असते, असे मानण्यास आधार नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लूरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे ठेवून त्यांतील वेगळी वस्तू विचारली. निरक्षर शेतकरी ओंडका वगळण्यास तयार होईनात. त्याच्यावाचून हत्यारांचा उपयोग काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. थोडेबहुत शालेय शिक्षण झालेल्यांनी मात्र हत्यारांचा वर्ग सहज वेगळा केला. ‘हत्यार’ हा शब्द पहिल्यांनाही ठाऊक होताच. उत्तर त्या वर्गात द्यावयाचे असते, हा शाळेचा संकेत त्यांच्या अंगवळणी पडलेला नव्हता.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. बरोबर गेलेल्या मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. अशा मुलापुढे कोयता, विळा, खुरपे आणि ऊस ठेवले असता त्याने ऊस वगळला नाही, तर त्याला गुण मिळणार नाहीत. परंतु टोळीच्या बोलीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. साडेतीन कोयते म्हणजे सात माणसे, हे त्या मुलास सांगावे लागत नाही. येथे शब्द वस्तूपासून सुटून मोजणीचे परिमाण बनला आहे. अमूर्त विचार म्हणतात तो याहून निराळा नव्हे.

यावरून बौद्धिक दिव्यांगता हा कसोटीचाच भ्रम आहे, असे अनुमान काढणे घातक ठरेल. डाउन सिंड्रोम, जन्मवेळी प्राणवायूची कमतरता, जन्मजात थायरॉईडन्यूनता अशी तिची कारणे आहेत. शेवटच्या कारणावर लवकर उपचार केल्यास हानी बव्हंशी टळते. फडावरच्या कोपीत वाढणाऱ्या अशा मुलास ‘भोळा’ म्हणून सोडून दिले जाते, आणि शाळेत त्याची गैरहजेरी स्थलांतराच्या खात्यावर पडते. पहिल्या चुकीत सशक्त बुद्धीवर शिक्का बसतो. या दुसऱ्या चुकीत उपचाराचे वय निघून जाते, आणि ती अधिक गंभीर मानली पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या व्याख्येत बौद्धिक कार्य आणि दैनंदिन जुळवणूक या दोहोंतील लक्षणीय मर्यादा अपेक्षित आहे. दुसऱ्या अंगासाठी नागपूर येथे मॅलिन यांनी सिद्ध केलेली सामाजिक परिपक्वतेची श्रेणी वापरतात. तीत मूल काय करते, हे पालकांना विचारले जाते. पत्र लिहिणे, स्वतःहून वाचणे अशा बाबी तीतही आहेत. मात्र धाकट्या भावंडास दिवसभर सांभाळून चूल पेटवणाऱ्या मुलीची क्षमता येथे निदान नोंदली तरी जाते. परीक्षकाने त्याआधी मुलाची श्रवणक्षमता तपासून घ्यावी, कारण बहिरे मूल उशिरा बोलते आणि पुष्कळदा मंद ठरते. त्यानंतर प्रश्न मुलाच्या बोलीत विचारावेत, आणि ‘ऊस का काढला नाहीस?’ हेही विचारून त्याचे उत्तर शब्दशः टिपून ठेवावे.