मधुमेहाची ओळख – लेखांक ७ : स्नायू, भूक आणि वजनकाटा

जेवणातून आलेली साखर रक्तातून उचलण्याचे सर्वात मोठे काम स्नायू करतात. इन्सुलिनच्या प्रभावाखाली जी साखर पेशींमध्ये शिरते, तिच्यापैकी जवळपास ८० टक्के स्नायूंच्या वाट्याला जाते, असे प्रयोगशाळेतल्या मोजमापांत आढळले आहे. मात्र साखर पेशीत आपोआप शिरत नाही. तिला आत घेणारी ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पोटात दडलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. टाइप २ मधुमेहात नेमके इथेच अडते. इन्सुलिन असते, सुरुवातीच्या काळात तर गरजेपेक्षा जास्तही असते. पण पेशी त्याला दाद देत नाही.

काम करणारा स्नायू या निरोपासाठी थांबत नाही. तो आकुंचन पावू लागला की तीच प्रथिने दुसऱ्या मार्गाने वर येतात, आणि हा मार्ग टाइप २च्या रुग्णांतही बराचसा शाबूत असतो. म्हणून जिना चढणाऱ्या मधुमेही माणसाच्या मांड्या साखर घेतात, मग इन्सुलिनचे चालो वा न चालो. व्यायाम थांबल्यावर आणखी एक गोष्ट घडते. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा खर्च झालेला असतो आणि तो भरून काढताना पेशी इन्सुलिनलाही अधिक प्रतिसाद देतात. हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, पुढे ओसरतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको, हा नियम त्यातूनच आला. रविवारी गड चढून उरलेला आठवडा खुर्चीत काढणाऱ्याला त्या चढाईचा फायदा फार तर मंगळवारपर्यंत पुरतो.

जेवणानंतरची साखर तास-दीड तासात शिखर गाठते, म्हणून त्या वेळचे चालणे विशेष उपयोगी. शतपावली म्हणतात ती हीच. फक्त शंभर पावलांना जेमतेम एक मिनिट लागते. दहा-पंधरा मिनिटे चालले, तर आकडा हजाराच्या पुढे जातो आणि मग ग्लुकोमीटरवर फरक दिसू लागतो. चालण्याला वजने उचलण्याची किंवा उठाबशांची जोड आठवड्यातून दोन-तीनदा हवी. स्नायू जेवढा मोठा, तेवढे साखरेचे कोठार मोठे. आणि वाढत्या वयात हे कोठार आपोआप आक्रसत असते. चालायला जाणाऱ्या बहुतेकांचे याकडे दुर्लक्ष होते.

भुकेची गोष्ट जरा वाकडी आहे. व्यायामाने भूक खवळते, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर काही काळ भूक मंदावते : भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक खाली येते आणि तृप्तीचा संदेश देणारी जीएलपी-१, पीवायवाय यांसारखी आतड्यातली संप्रेरके वर जातात. परिणाम तात्पुरता असतो. पुढच्या काही दिवसांत शरीर खर्चाची थोडीफार भरपाई मागतेच, पण ती माणसागणिक वेगळी.

या विषयातली एक जुनी पाहणी बंगालमधली आहे. ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तागाच्या गिरणीशी संबंधित २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप तपासले. निष्कर्ष १९५६ साली प्रसिद्ध झाले. हलक्या कामापासून जड ओझ्याच्या कामापर्यंत आहार कष्टांच्या प्रमाणात वाढत गेला, वजन मात्र सारखेच राहिले. अपेक्षेबाहेरचे चित्र दुसऱ्या टोकाला होते. दिवसभर बसून असणारे दुकानदार आणि कारकून कमी खात नव्हते; त्यांचा आहार अंगमेहनत करणाऱ्यांच्या तोडीचा होता आणि वजन अधिक. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा खर्चाशी असलेला मेळच तुटतो, असा अर्थ मेयर यांनी लावला. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही आणि या गटांची मिळकतही सारखी नसणार. तरीही बैठ्या माणसाची भूक त्याच्या खर्चाचा विश्वासू हिशेब ठेवत नाही, ही कल्पना पुढच्या संशोधनाला दिशा देणारी ठरली.

वजनाच्या बाबतीत व्यायामाकडून अवाजवी अपेक्षा ठेवल्या जातात. अर्धा तास भरभर चालण्यात साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. फिरून आल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबणाऱ्याचा हिशेब तिथेच उलटा होतो. वजन उतरवण्याचा मुख्य भार आहारावर असतो. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात मात्र व्यायामाचा वाटा मोठा आहे.

काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणारे पुष्कळ असतात, आणि इथेच गफलत होते. टाइप २च्या रुग्णांवरील १४ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात व्यायाम करणाऱ्यांचे एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, इतरांपेक्षा ०.६६ने कमी निघाले. दोन्ही गटांच्या वजनात मात्र फरक पडलेला नव्हता. भारतातला पुरावाही त्याच दिशेचा आहे. चेन्नईहून चाललेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिबंध चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ जण होते. आहार-व्यायामाच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजन फारसे न उतरता. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या चाचणीत घट ५८ टक्के होती, पण तिथले लोक बरेच स्थूल होते आणि त्यांचे वजनही उतरले होते. त्या यशात वजनघटीचा वाटा सर्वात मोठा होता.

हा फरक समजायला पुण्यातले उदाहरण उपयोगी पडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी ही भारतीय ठेवण. व्यायामाने पोटातली, यकृताभोवतीची चरबी घटते आणि स्नायू वाढतो, तेव्हा काटा जागच्या जागी राहू शकतो. अशा वेळी कमरेचे माप जास्त खरे बोलते.

पथ्ये मोजकी आहेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते, कधी कधी तर त्याच रात्री झोपेत. त्यामुळे खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोललेले असावे. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार थोडा. उलट, जोरकस व्यायामानंतर ॲड्रेनलिनमुळे साखर थोडा वेळ वर गेलेली दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर श्वास कोंडून जड वजन उचलणे टाळावे लागते. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी फिरू नये, मग ते हिरवळीवर का असेना. चालून आल्यावर तळवे रोज पाहावेत आणि वाकणे जमत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा.