वर्तन विश्लेषणाची पदवी : अर्जाआधी मुक्काम ठरवा

प्रतिनिधी, मुंबई

शीव ते शिवडी या पट्ट्यात विशेष मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची परंपरा जुनी आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते आणि शाळकरी मुलांना त्याचे दाखले मिळतात. शिवडीची जय वकील संस्था १९४४ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी कार्यरत आहे. डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेले ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्रही मध्य मुंबईत काम करते. शीवच्या एसआयईएस किंवा माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे काम पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. यातूनच काही जण एका वेगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळतात. त्याचे नाव ‘अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’, म्हणजेच उपयोजित वर्तन विश्लेषण. व्यवहारात सारे त्याला ‘एबीए’ म्हणतात.

स्वमग्न मुलांच्या पालकांमध्ये हे नाव आता परिचित आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश झाला. साहजिकच या क्षेत्रातील प्रशिक्षित माणसांची गरज वाढली आणि परदेशी विद्यापीठांच्या जाहिरातीही घरोघरी पोहोचल्या. मात्र या पदवीसाठी अर्ज करणाऱ्याने विद्यापीठांची यादी करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे. पदवी घेतल्यावर आपण काम कोठे करणार? मुंबईत की परदेशात? २०२३ पासून या प्रश्नाला पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे.

हा विषय नेमका काय?

वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या संशोधनातून या शास्त्राचा उगम झाला. १९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच वर्षी डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ले यांनी त्यात लिहिलेल्या लेखाने या शास्त्राची चौकट आखून दिली. वर्तनाआधी काय घडले, प्रत्यक्ष वर्तन कोणते आणि त्यानंतर काय घडले, या तीन गोष्टींची काटेकोर नोंद हा त्याचा पाया आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. चार वर्षांचा मुलगा जेवताना रोज ताट भिरकावतो. ताट फेकताच आई हातातले काम टाकून धावत येत असेल, तर तिचे लक्ष वेधणे हा त्या वर्तनाचा हेतू असू शकतो. ताट फेकल्यावर नावडती भाजी टळत असेल, तर हेतू सुटका हा असतो. फेकल्यानंतर हवा तो खाऊ मिळत असेल, तर हेतू आणखी वेगळा. कधी केवळ ताटाचा खणखणाट ऐकण्यातच मुलाला आनंद वाटतो. वर्तन एकच, कारणे चार आणि म्हणून उपायही चार. लक्ष वेधण्यासाठी ताट फेकणाऱ्या मुलाला रागावणे म्हणजे त्याला हवे तेच देणे होय. कारण ओळखण्याची ही पद्धत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रयोगाने मांडली. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग अशा मोजमापाचा, आलेखांचा आणि प्रयोगरचनेचा असतो. ‘मुलांची आवड’ एवढ्या भांडवलावर येथे निभाव लागत नाही.

पदवी वेगळी, प्रमाणपत्र वेगळे

अमेरिकेतील नॉर्थ टेक्सास, कॅन्सस, वेस्टर्न मिशिगन, नेवाडा-रीनो आणि फ्लोरिडा टेक, कॅनडातील ब्रॉक, तसेच उत्तर आयर्लंडमधील क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्ट ही या विषयातील परिचित विद्यापीठे आहेत. तथापि विद्यापीठ पदवी देते, व्यवसायाची मान्यता देत नाही. ती मान्यता अनेक वर्षे ‘बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड’ या अमेरिकी मंडळाच्या ‘बीसीबीए’ या प्रमाणपत्राशी जोडली गेली आहे. हे मंडळ १९९८ मध्ये स्थापन झाले. प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी, ठरावीक विषयांचा अभ्यास, देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आणि शेवटी लेखी परीक्षा असे टप्पे पार करावे लागतात. प्रत्यक्ष कामाचे तास साधारण पद्धतीने २,०००, तर अधिक सखोल देखरेख असल्यास १,५०० भरावे लागतात.

हे मंडळ पूर्वी जगभरातून अर्ज घेत असे. शीवमध्ये राहून ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायचा, देखरेखीचे तास येथेच भरायचे आणि ‘बीसीबीए’ व्हायचे, हा मार्ग भारतीय विद्यार्थ्यांना खुला होता. १ जानेवारी २०२३ पासून मंडळाने नव्या प्रमाणपत्रांसाठी अर्ज स्वीकारण्याचे क्षेत्र अमेरिका, कॅनडा आणि काही काळापुरते अपवाद ठरवलेल्या मोजक्या देशांतील रहिवाशांपुरते मर्यादित केले. भारत त्यात नाही. म्हणजेच घरबसल्या परदेशी पदवी आजही मिळू शकते, पण त्या जोरावर भारतात राहून ‘बीसीबीए’ होता येत नाही. जुन्या माहितीपत्रकांवर किंवा २०२३ पूर्वी प्रमाणपत्र मिळवलेल्या ओळखीच्यांच्या अनुभवावर विसंबून लाखो रुपये भरणाऱ्यांची फसगत नेमकी येथेच होण्याचा संभव आहे.

परदेशातच राहायचे असेल तर

अमेरिकेत शिकून तेथेच प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर तासांचा हिशेब आधी मांडावा. आठवड्याला २५ तास काम धरले तरी २,००० तासांना ८० आठवडे लागतात, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि बाहेरच्या कामासाठी वेगळी परवानगी लागते. पदवीनंतर प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी मिळणारा कालावधी सर्वसाधारणपणे १२ महिन्यांचा असतो. त्यामुळे हे तास अभ्यासक्रमातच भरून निघतात का, ही चौकशी विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा महत्त्वाची ठरते. देखरेखीचे तास मिळवून देण्याची जबाबदारी काही विद्यापीठे स्वतः घेतात, तर काही ती विद्यार्थ्यावर सोडतात.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत प्रमाणपत्राखेरीज राज्याचा परवानाही लागतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १ जुलै २०२४ पासून हा व्यवसाय नियमनाखाली आणला आहे. ब्रिटनमध्ये तेथील व्यावसायिक संस्थेचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. अमेरिकी मंडळाने १ जानेवारी २०२७ ही नव्या पात्रता नियमांची तारीख जाहीर केली आहे. म्हणून प्रवेश घेताना आजचे नियम न पाहता, आपण परीक्षेला बसू त्या वर्षीचे नियम पाहावेत. कोणत्या विद्यापीठाचे किती विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, याची आकडेवारी मंडळ प्रसिद्ध करते. तीही जरूर तपासावी.

मुंबईत परतायचे असेल तर

भारतात पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांचे वर्ग त्या कायद्यात आहेत. वर्तन विश्लेषकाचा स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे एबीएची परदेशी पदवी घेतली म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक म्हणून आपोआप नोंदणी होत नाही.

‘वर्तन विश्लेषक’ हे नाव कायद्यात आले ते २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात. त्याच्या परिशिष्टातील वर्तन-आरोग्य विज्ञानाच्या गटात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या जोडीने त्याचा उल्लेख आहे. व्यवसायाला मिळालेली ही मान्यता महत्त्वाची आहे. तरीही कायद्यात व्यवसायाचे नाव असणे आणि आपली विशिष्ट पदवी नोंदणीस पात्र ठरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. परदेशी पदवीची समकक्षता आणि नोंदणी याबाबत संबंधित यंत्रणांकडून प्रवेशापूर्वी लेखी उत्तर घेणे शहाणपणाचे ठरेल. ऑनलाइन पदवीबाबत तर ही दक्षता अधिकच हवी. या कायद्याखालील आरोग्यसेवा विषय व मानसशास्त्र यांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये देशातील संस्थांना दिला. वाऱ्याची दिशा त्यावरून कळते.

‘बीसीबीए’चा मार्ग बंद झाल्यावर ‘आयबीएओ’ आणि ‘क्यूएबीए’ या संस्थांची प्रमाणपत्रे भारतातील इच्छुकांपुढे आली. ती खासगी संस्थांची प्रमाणपत्रे आहेत, सरकारी परवाने नव्हेत, याचे भान ठेवावे. मुंबईतील शाळांत किंवा रुग्णालयांत काम करणे हेच ध्येय असेल, तर पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करून वर्तन विश्लेषणाचे प्रशिक्षण त्याला जोडणे हा अधिक भक्कम पर्याय ठरू शकतो.

अर्जात काय असावे?

परदेशी विद्यापीठांचे शरद सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि अनेक ठिकाणी अर्जांची मुदत आदल्या डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान संपते. म्हणजे तयारी वर्षभर आधी सुरू व्हायला हवी. गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती, त्यांचे मूल्यमापन, टोफेल किंवा आयईएल्टीएस, दोन-तीन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र ही नेहमीची कागदपत्रे आहेत. भारतातील तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्रपणे विचारावे. मानसशास्त्राखेरीज शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्याच्या पदवीधरांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो.

निवड बहुधा उद्देशपत्रावर ठरते. ‘मला लहान मुले आवडतात आणि समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य निवड समितीने शेकडो वेळा वाचलेले असते. त्याऐवजी एखाद्या केंद्रात सहा महिने स्वयंसेवक म्हणून काम करून काय पाहिले, काय मोजले, कोणता प्रश्न पडला आणि तो सोडवायला कोणते ज्ञान अपुरे पडले, हे लिहिणारा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो. एखाद्या प्राध्यापकाचे संशोधन आपल्या प्रश्नाशी जुळत असेल, तर तसे नेमकेपणाने लिहावे. मात्र मुलांची नावे, छायाचित्रे किंवा ओळख पटेल असा तपशील अर्जात येता कामा नये.

आणखी एक मुद्दा मुंबईच्या विद्यार्थ्याला सहज मांडता येईल. या शास्त्रातील चाचण्या आणि शिकवण्याची साधने बहुतांशी इंग्रजीत तयार झाली आहेत. शीव, धारावी आणि प्रतीक्षानगरच्या घरांत मात्र मराठी, हिंदी, तमिळ, उर्दू बोलली जाते. मुलाला ‘वॉटर’ म्हणायला शिकवले आणि घरी आजी ‘पाणी’ म्हणत असेल, तर केंद्रात शिकलेला शब्द उंबरठ्यापाशीच अडतो. शिकलेले कौशल्य नव्या जागी वापरता येणे ही तर बेअर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच सांगितलेली कसोटी आहे. एका खोलीत राहणाऱ्या सहा माणसांच्या कुटुंबात ही पद्धत कशी राबवायची, हाही प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकात फारसा सापडत नाही.

टीकाही वाचावी

या क्षेत्रावर झालेली टीका ठाऊक नसणे ही उमेदवाराची उणीव ठरते. इवार लोव्हास यांच्या १९८७च्या अभ्यासात आठवड्याला ४० तासांचे प्रशिक्षण मिळालेल्या १९ पैकी ९ मुलांची प्रगती सर्वसामान्य मुलांइतकी झाल्याचे नमूद होते. या निष्कर्षाने एबीएला प्रसिद्धी मिळाली. मात्र मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने पाडलेले नव्हते, हा आक्षेप लगेचच घेतला गेला. सुरुवातीच्या काळात शिक्षेचा, अगदी विजेच्या धक्क्यांचाही वापर झाला होता. आज अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात की, हात हलवणे किंवा नजर टाळणे यांसारख्या निरुपद्रवी सवयी मोडण्याच्या अट्टहासाने त्यांना त्रासच झाला. आपण शिकवणार ते कौशल्य मुलाच्या उपयोगाचे आहे की केवळ भोवतालच्यांच्या सोयीचे, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरतो. तो गांभीर्याने शिकवणारे विद्यापीठ निवडावे.

शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून पाच गोष्टी लेखी घ्याव्यात :

१. हा अभ्यासक्रम कोणत्या प्रमाणपत्रासाठी पात्र ठरतो आणि ते भारतातील रहिवाशाला मिळू शकते का?

२. देखरेखीखालील तास अभ्यासक्रमात समाविष्ट आहेत का?

३. त्यांसाठी वेगळे शुल्क आहे का?

४. मागील तुकड्यांतील परदेशी विद्यार्थी आज कोठे काम करतात?

५. पात्रतेचे नियम मध्येच बदलल्यास विद्यापीठ कोणती जबाबदारी घेते?

या पाचही प्रश्नांना सरळ उत्तर देणारे विद्यापीठ क्रमवारीत थोडे खाली असले तरी हरकत नाही. उत्तर टाळणाऱ्या नामांकित संस्थेसाठी मात्र शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करण्याची घाई करू नये.