हिंद महासागराच्या दोन काठांवरचा पाऊस

हिंद महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात पूर्वेचे, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूचे पाणी एरवी अधिक उबदार असते. तिथली दमट हवा वर चढते, ढग जमतात आणि सुमात्रा-जावावर पाऊस कोसळतो. काही वर्षी मात्र जूनच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्यालगतचे आग्नेय वारे जोर धरतात. वरचे उबदार पाणी ते किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. थंड पाण्यावर ढग धरत नाहीत, हवेचा दाब वाढतो, वारे आणखी जोरात वाहू लागतात आणि पाणी आणखी थंडावते. आफ्रिकेच्या बाजूला उबदार पाणी साठते. पाऊसही तिकडेच सरकतो. हाच ‘इंडियन ओशन डायपोल’, अर्थात आयओडी. ही त्याची धन अवस्था, याच्या उलट ती ऋण.

आयओडीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांत एन. एच. साजी यांच्याबरोबर बी. एन. गोस्वामीही होते, पुढे ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

२०१९ ची धन घटना अतिशय तीव्र होती. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात केनिया, सोमालिया, दक्षिण सुदान पाण्याखाली गेले. ओल्या जमिनीत वाळवंटी टोळांची पैदास झाली आणि पुरातून वाचलेली पिके त्यांच्या तोंडी गेली. ऑस्ट्रेलियासाठी तेच वर्ष नोंदींच्या इतिहासातले सर्वांत कोरडे ठरले, जंगले पेटली. २०२२ मध्ये पारडे फिरले. ऋण आयओडीला ला निनाची, म्हणजे प्रशांत महासागराचा पूर्व भाग थंडावण्याची, जोड मिळाली, सिडनीने विक्रमी पाऊस पाहिला, तर सोमालियात ओळीने पाचवा पावसाळी हंगाम वाया गेला आणि गुरे चाऱ्यावाचून मेली.

भारताचे गणित इतके सरळ नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो, म्हणजे ला निनाच्या उलट अवस्था, असूनही मान्सून सरासरीइतका झाला. धन आयओडीने त्याला हात दिला, असे मानले जाते. २०१९ च्या जूनमध्ये देशात सुमारे ३३ टक्के तूट होती, तरी हंगाम सरासरीच्या ११० टक्क्यांवर संपला. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, मराठवाडा मात्र पावसाची वाट पाहत होता. हा पूर एकट्या आयओडीच्या माथी मारणे चूक ठरेल. महासागर हंगामाचा कल ठरवतो. कोणत्या खोऱ्यात किती पाणी पडेल, हे त्या आठवड्यातले कमी दाबाचे क्षेत्र आणि सह्याद्रीची भिंत ठरवते.

डिसेंबरच्या सुमारास ऑस्ट्रेलियाचा मान्सून दक्षिणेकडे सरकू लागला की सुमात्राजवळचे वारे दिशा बदलतात, थंड पाणी वर येणे थांबते आणि त्या वर्षीचा डायपोल विरून जातो.